चार नंबरवर लावा, मग सहा दिसेल

मागच्या भागात आपण जुन्या होत जाणाऱ्या यंत्रांवर गप्पा मारत होतो. बोलण्याच्या ओघात मी म्हणाले की अमेरिकेने टीव्हीचं ॲनालॉगवरून डिजिटलवर जाणं तसं नीट हाताळलं: सरकारने कूपन दिलं, लोकांनी डबा घेतला, काम झालं. भाग आल्यावर मी तो परत ऐकला आणि त्या वाक्यापाशी मला कसंतरीच झालं. कारण फिलाडेल्फियात ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी पीएचडीची बरीचशी वर्षं भाड्याने काढली, तिथे खालच्या मजल्यावर तो डबा होता, आणि त्याचं काम कधीच 'झालेलं' नव्हतं. दर काही महिन्यांनी ते नव्याने करावं लागायचं. करणारी बहुतेक वेळा मीच असायचे.

म्हणून हा लेख. पुस्तकाची किंवा सिनेमाची करतात तशी मला या डब्याची समीक्षा करायची आहे. त्याला कोणी लेखक नाही असं वाटतं, पण आहे. त्याचं रूप बऱ्याच अंशी सरकारी नियमांनी ठरवलं होतं.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १२ जून २००९ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या पूर्ण क्षमतेच्या टीव्ही केंद्रांनी ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं. केबल किंवा डिश असलेल्यांना फार फरक पडला नाही. पण छपरावरच्या किंवा टीव्हीवरच्या अँटेनाने फुकट टीव्ही बघणाऱ्यांचा जुना खोका त्यानंतर आंधळा झाला. अँटेना आणि टीव्ही यांच्यामध्ये एक छोटा डबा बसवायचा. तो डिजिटल सिग्नल उलगडतो आणि टीव्हीला समजेल अशा जुन्या भाषेत पुढे देतो. टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी भोकं असतील तर त्या तीन वायरींनी. नसतील तर अँटेनाच्याच वायरीतून, तीन किंवा चार नंबरच्या चॅनलवर. म्हणजे डबा स्वतःच घरातल्या घरात एक इवलंसं टीव्ही केंद्र होतो आणि टीव्हीला वाटतं, अजून १९८५ च चाललंय.

कल्पना म्हणून हे मला अजूनही आवडतं. चालू टीव्ही फेकायचा नाही, फक्त मध्ये एक दुभाषी बसवायचा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असं काहीतरी असतंच: जुन्या मिक्सरला नवा प्लग, तिकडच्या इस्त्रीला इकडचा ट्रान्सफॉर्मर. वस्तू टिकवण्याची ही वृत्ती मी नाव ठेवण्यासारखी मानत नाही.

पण खालच्या आजींच्या घरात (माझ्या घरमालकीणबाई, वय तेव्हा सत्तरीच्या पुढे, मी मनात त्यांना आजीच म्हणायचे, तोंडावर आडनावाने) हा दुभाषी कसा वागायचा ते सांगते. त्यांना बघायच्या असत त्या सहा नंबरवरच्या संध्याकाळच्या बातम्या. फिलाडेल्फियात सहा नंबरला जे स्थान आहे ते एकेकाळी आपल्याकडे सातच्या बातम्यांना होतं. लोक त्यावर घड्याळ लावतात. तर सहा बघण्यासाठी टीव्ही चारवर ठेवायचा. तीन का नाही? कारण या शहरात तीनवर पूर्वीपासून एक खरं स्टेशन होतं, त्यामुळे व्हीसीआरच्या काळापासून इथे चारचाच रिवाज. मग डब्याच्या रिमोटने सहा-टिंब-एक लावायचं. आवाज मात्र टीव्हीच्या रिमोटनेही कमी-जास्त होतो आणि डब्याच्याही. एकाने शून्य केला आणि दुसऱ्याने वाढवत बसलं तर काहीच ऐकू येत नाही. टीव्हीच्या रिमोटवर चुकून पाच दाबला गेला की पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि मग जिन्यावरून हाक.

यात आजींची काही चूक आहे का? त्यांनी आयुष्यभर एक साधी गोष्ट शिकली होती: सहा दाबलं की सहा दिसतो. डब्याने त्यांना सांगितलं की आता चार म्हणजे 'डबा', सहा-टिंब-एक म्हणजे 'सहा', आणि तीन-टिंब-एक म्हणून जे दिसतं ते प्रत्यक्षात येतं भलत्याच यूएचएफ फ्रिक्वेन्सीवरून. तीन हा आकडा फक्त पाटीपुरता. यंत्राच्या आतला गोंधळ यंत्राने आतच ठेवावा, ही किमान अपेक्षा.

आता समीक्षकाने विचारायला हवं: डबा असाच का? तो आणखी चांगला का नव्हता? याचं उत्तर मला बरंच उशिरा कळलं, आणि ते कळल्यावर माझं वाक्य मागे घ्यावंसं वाटलं. चाळीस डॉलरच्या कूपनावर मिळणारा डबा कसा असावा याचे नियम एनटीआयए या केंद्रीय संस्थेने घातले होते. त्यात काही भाग खरोखर चांगला होता. कमकुवत सिग्नल पकडण्याच्या कसोट्या कडक होत्या, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मथळे दाखवणं सक्तीचं होतं, झोपलेल्या अवस्थेत डब्याने दोन वॅटपेक्षा जास्त वीज खायची नाही असं बंधन होतं. पण त्याच नियमांत हेही होतं की डब्याने 'जास्त' काही करायचं नाही. एचडीएमआयचं भोक नको. रेकॉर्डिंग नको. डिजिटल चित्र आहे त्या दर्जाचं बाहेर द्यायचं नाही, जुन्या टीव्हीपुरतं उतरवूनच द्यायचं. सरकारी मदतीतून कोणी चैनीची वस्तू घेऊ नये, हा हेतू.

हेतू समजतो. पण परिणाम बघा. उद्या टीव्ही बिघडला आणि नवा घेतला तर डबा निरुपयोगी. आज बातम्या चालू असताना दुसऱ्या वाहिनीवरची मालिका व्हीसीआरवर रेकॉर्ड करायची असेल, तर दुसरा डबा. म्हणजे आधी घरात जी सोय होती तीही कमी झाली. फुकट टीव्ही बघणाऱ्याला मदत द्यायची, पण ती सुमारच राहील याची काळजी नियमातच घ्यायची. रेशनच्या दुकानातल्या तांदळाबद्दल आपण जे ऐकत मोठे झालो त्याचीच मला आठवण झाली.

एक नियम तर मला अजून छळतो. बराच वेळ कोणी रिमोटला हात लावला नाही तर डब्याने आपोआप झोपी जायचं, आणि कारखान्यातून येतानाच ती मुदत चार तासांची. वीज वाचवणं चांगलंच. पण सत्तरीतली एकटी बाई दुपारी एकला टीव्ही लावते आणि संध्याकाळी पाचला, बातम्यांच्या तोंडावर, चित्र नाहीसं होतं. मेन्यूत जाऊन ते बंद करता यायचं. मेन्यूत कोण जाणार? मी गेले, चौथ्या हाकेनंतर.

आता कूपनाकडे येऊ, कारण माझ्या वाक्यातली मोठी चूक तिथे आहे. सरकारने ते घरोघरी पाठवलं नव्हतं. ते मागावं लागायचं. २००८ च्या १ जानेवारीपासून एका घराला दोन कूपनं मागता येत, प्रत्येकी ४० डॉलरची, पण दोन्ही मिळून एका डब्याला वापरता येत नसत. पाठवल्यापासून ९० दिवसांत वापरलं नाही तर ते बाद. या योजनेसाठी जास्तीत जास्त दीड अब्ज डॉलरची तरतूद होती, आणि जानेवारी २००९ च्या सुरुवातीलाच ती मर्यादा गाठली गेली. तेव्हा बंद होण्याची तारीख होती १७ फेब्रुवारी. म्हणजे ऐन सहा आठवडे आधी लाखो लोक प्रतीक्षायादीत. नील्सनच्या त्या महिन्यातल्या पाहणीत ६५ लाखांहून जास्त घरांची काहीच तयारी नव्हती. मग काँग्रेसने कायदा करून तारीख १२ जूनवर ढकलली आणि आणखी ६५ कोटी डॉलर दिले. वर्षभर टीव्हीवर घोकून घेतलेली तारीखच बदलली. (हवाई मात्र आधीच, १५ जानेवारीला, डिजिटल झालं होतं. तिथे ज्वालामुखीच्या उतारावरचे जुने मनोरे पाडायचे होते आणि एका दुर्मीळ समुद्रपक्ष्याच्या विणीच्या आधी ते काम उरकायला हवं होतं. या सगळ्या कथेत पक्ष्यांचा विचार माणसांपेक्षा बरा झाला, असं कधीकधी वाटतं.)

नील्सनच्याच आकड्यांत एक गोष्ट होती जी मला माझ्याही पूर्वग्रहाबद्दल शिकवून गेली. तयारी नसलेल्यांत म्हातारी माणसं जास्त असतील, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ५५ च्या पुढच्यांची घरं सरासरीपेक्षा जास्त तयार होती. मागे होती ती पस्तिशीच्या आतली. आजींनी कूपन वेळेत मागितलं होतं, वेळेत वापरलं होतं, पावतीही फाइलला लावून ठेवली होती. त्यांची अडचण डबा मिळवण्याची नव्हतीच. अडचण पुढची होती, आणि पुढचं कोणी मोजतच नव्हतं.

पुढचं म्हणजे काय? ॲनालॉग सिग्नल कमजोर झाला तर मुंग्या येतात, चित्राला सावली येते, पण माणूस दिसतो, आवाज येतो; बघणारा मनाने भर घालतो. डिजिटलमध्ये तसं नाही. पुरेसा सिग्नल आहे तोवर चित्र लख्ख, आणि एका मर्यादेखाली एकदम काही नाही. त्या कडेवर असाल तर चौकोन चौकोन, तुटक आवाज. आणि आजींचा लाडका सहा नंबर नेमका त्या कडेवर. बहुतेक स्टेशनं डिजिटल होताना वरच्या यूएचएफ पट्ट्यात गेली. सहा नंबर मात्र १२ जून २००९ ला ६४ वरून आपल्या जुन्या जागी, खऱ्याखुऱ्या सहावर परतला. तिथली लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब. 'एचडी अँटेना' म्हणून विकले जाणारे चपटे कागदासारखे तुकडे तिला फारसे उपयोगाचे नाहीत. तिला दोन लांब दांड्यांचा जुना अँटेना पूर्ण उघडून लागतो. घरातल्या मोटरींचा खरखराटही याच पट्ट्याला जास्त बाधतो. शेजारी व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला की आजींच्या निवेदकाचा चेहरा विस्कटायचा. शहरभर इतक्या तक्रारी झाल्या की स्टेशनला पुढे शक्ती वाढवायची परवानगी मिळाली.

याच सहा नंबरची आणखी एक गंमत होती. ॲनालॉगच्या काळात त्याचा आवाज एफएम रेडिओच्या अगदी डाव्या टोकाला, ८७.७ च्या आसपास, ऐकू यायचा. गाडीत, स्वयंपाकघरात, लोक टीव्हीच्या बातम्या रेडिओवर ऐकत. आजीही ऐकायच्या, भांडी घासताना. डिजिटल झाल्यावर तो आवाज गेला. त्यासाठी कुठलंच कूपन नव्हतं, कारण कोणत्याच कागदावर ती सोय 'सोय' म्हणून नोंदलेली नव्हती.

डब्यातली सगळ्यात मोठी खोट मात्र आजींच्या घरात दिसली नाही, शहरातल्या दुसऱ्या घरांत दिसली असणार. जूनची तारीख फक्त पूर्ण क्षमतेच्या केंद्रांना होती. छोटी, कमी शक्तीची स्टेशनं पुढेही ॲनालॉगवरच राहू शकत होती, आणि त्यांतली कित्येक स्पॅनिश किंवा इतर स्थलांतरित भाषांतली. अनेक डबे मात्र ॲनालॉग सिग्नल पुढे जाऊच देत नव्हते. म्हणजे डबा जोडला की मोठी स्टेशनं परत आली आणि आपल्या भाषेतलं छोटं स्टेशन गेलं. या छोट्या प्रसारकांची संघटना २००८ मध्ये त्यासाठी कोर्टातही गेली होती. पुढे ॲनालॉग आरपार जाऊ देणारे डबे बरेच आले, पण आधी घेतलेल्यांचं कूपन तर वापरून झालं होतं. छोट्या स्टेशनांची शेवटची तारीख लांबत लांबत १३ जुलै २०२१ पर्यंत आली. परक्या देशात आपल्या भाषेतला एक आवाज घरात असणं म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

'तंत्रज्ञान बदलतं, थोडा त्रास होणारच,' असं आमच्या भागात मीच म्हणाले होते. पण याच देशाने याच टीव्हीत आधी वेगळं करून दाखवलं आहे. १९५० मध्ये रंगीत टीव्हीची जी पद्धत मंजूर झाली ती जुन्या कृष्णधवल टीव्हींवर दिसत नव्हती. ती टिकली नाही. १९५३ मध्ये दुसरी पद्धत आली, तिच्यात रंग अशा युक्तीने लपवले होते की जुन्या संचाला ते कळतही नसत. तो आपला काळा-पांढरा कार्यक्रम दाखवत राहायचा. बदलाचा भार सिग्नल घडवणाऱ्या इंजिनियरांनी उचलला. २००९ मध्ये तो भार बघणाऱ्याच्या दिवाणखान्यात आणून ठेवला. डिजिटलमध्ये तशी सुसंगती जवळपास अशक्य होती, हे मान्य. पण मग ज्यांच्यासाठी जागा रिकामी केली त्यांच्याकडून आलेल्या पैशाचं काय? रिकाम्या होणाऱ्या लहरींच्या २००८ च्या लिलावात १९ अब्ज डॉलरहून जास्त आले. मोठे वाटे मोबाइल कंपन्यांनी घेतले. काही पट्टा पोलिस-अग्निशमनाच्या बिनतारी संदेशांसाठी राखला, ते योग्यच. उरलेल्यावर आपले फोन चालतात. माझाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या ऐकणाऱ्यांना दुसरा नमुना माहीत असेल. तिथे २००८ ते २०१२ मध्ये एकेक प्रदेश करत बदल झाला, आणि ७५ च्या वरच्या आणि अपंग व्यक्तींसाठी बीबीसीने चालवलेली मदत योजना होती. बहुतेकांना ४० पौंड पडत, काहींना फुकट. पण त्यात माणूस घरी यायचा, डबा लावायचा, दाखवायचा, नंतर अडलं तर फोन करता यायचा. ब्रिटन लहान आहे, तिथे लायसन्स फीचा पैसा आहे, सगळं खरं. तरी तिथे कोणाला तरी सुचलं की लागणारी गोष्ट डबा ही नाही, डबा लावून चालू ठेवणं ही आहे. अमेरिकेतही शेवटच्या महिन्यांत स्वयंसेवक पाठवले गेले, हे नोंदवायला हवं. पण मूळ योजना वस्तूची होती. श्रम गृहीत धरलेले होते: मुलाचे, नातीचे, शेजाऱ्याचे, भाडेकरणीचे.

पुण्यात आमच्याकडे २०१३ मध्ये सेट-टॉप बॉक्सची सक्ती आली तेव्हा गोष्ट वेगळी होती. ती केबलची होती, आणि त्यात ग्राहक मोजण्याचाही हेतू होता. पैसे आमचेच गेले. पण केबलवाले दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, आईला रिमोट समजावला, आणि नंतर 'चित्र अडकतंय हो' म्हटलं की संध्याकाळपर्यंत येऊन जायचे. मी त्या व्यवस्थेचं गुणगान करत नाही; पाऊस पडला की तेच दादा फोन उचलत नसत. पण डब्याबरोबर एक माणूस येतो, हे तिथे कोणाला नियमात लिहावं लागलं नव्हतं.

२०१७ च्या दुसऱ्या लिलावानंतर स्टेशनांची पुन्हा हलवाहलव झाली, ती जुलै २०२० पर्यंत चालली. आजींच्या टीव्हीवरून एकेक चॅनल नाहीसं होऊ लागलं. उपाय: परत स्कॅन करा. पण आमचा डबा नवीन चॅनल जुन्या यादीत नुसता मिसळायचा, जुनं पुसायचा नाही. मग मला शिकावी लागली ती युक्ती अशी: अँटेना काढायचा, काहीही नसताना स्कॅन करायचं, म्हणजे डब्याची स्मृती कोरी होते, मग अँटेना लावून परत स्कॅन. ही युक्ती एफसीसीही सांगत असे. आपण काय करतोय हे मी आजींना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे याला आधी सगळं विसरायला लावायचं?" हो, म्हटलं.

आता तिसरी फेरी येते आहे. नव्या पिढीचं प्रक्षेपण, एटीएससी ३.०, २०१७ पासून ऐच्छिक म्हणून सुरू झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेने एफसीसीकडे अर्ज केला की मोठ्या ५५ बाजारपेठांत सध्याचं डिजिटल प्रक्षेपण २०२८ मध्ये बंद करू द्यावं, उरलेल्या ठिकाणी २०३० मध्ये. फिलाडेल्फिया त्या ५५ मध्ये आहे. तसं झालं तर २००९ चे सगळे डबे मुके होतील, आणि या वेळी २००९ नंतर घेतलेले बरेचसे सपाट टीव्हीही. शिवाय नव्या प्रक्षेपणाला अनेक स्टेशनं कुलूप घालतात, आणि ते उघडायला काही डब्यांना इंटरनेट लागतं. अँटेनाने टीव्ही बघणाऱ्याला इंटरनेट घ्यायला सांगायचं, म्हणजे विहिरीवर पाणी भरायला आधी नळाचं कनेक्शन दाखवा. चित्र चांगलं दिसेल, आवाज सुधारेल, हे मी नाकारत नाही. पण त्या अर्जावर मत नोंदवायची संधी तुमच्यापैकी कोणाला मिळाली, तर डबा कितीला मिळेल एवढंच विचारू नका. तो लावायला कोण येणार आणि चार महिन्यांनी परत कोण येणार, तेही विचारा.

मी आता दुसऱ्या शहरात असते. गेल्या रविवारी आजींचा फोन आला: चित्र नाही, नुसत्या मुंग्या. मी विचारलं, टीव्ही चारवर आहे ना? पलीकडे बटणांचे आवाज, मग शांतता, मग निवेदकाचा आवाज. "पाचवर होता," त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावर आता कोण राहतं, विचारायचं राहून गेलं.